इंदूताईंचं एक मत

पोस्टकार्ड उघडंच असतं. त्यामुळे इंदूताई गेल्याचं मला कळायच्या आधी आमच्या वाडीत चार-पाच जणांना कळलेलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी, मंडणगडच्या पुढे डोंगरात असलेल्या आमच्या गावी होते. खळ्यात भात झोडायचं काम चालू होतं. पोस्टमन वाडीपर्यंत चढत नाही, खालच्या दुकानात टपाल ठेवून जातो. दुकानदाराने कार्ड माझ्या वडिलांना वाचून दाखवलं आणि मग हातात दिलं. बाबा खळ्याशी येऊन उभे राहिले. कार्ड लगेच पुढे केलं नाही. म्हणाले, "तुजी ती रत्नांग्रीची बाय... ऱ्हायली नाय गो." कार्डावर त्यांच्या कॉलनीतल्या नार्वेकरभाऊंचं बारीक, कचेरीतलं अक्षर होतं. इंदूताई मंगळवारी दुपारी गेल्या, त्रास झाला नाही, तुला कळवणं आवश्यक वाटलं, एवढंच. तारीख पाहिली तर कार्डाला यायला सहा दिवस लागले होते. मला रडू आलं नाही. नुसता थकवा आला. त्यांच्याशी एक बोलणं फेब्रुवारीपासून राहून गेलं होतं, ते आता होणार नव्हतं. आज पाच आठवडे झाले. मी असं काही कधी लिहिलेलं नाही, आणि इंदूताई कुणी मोठ्या नव्हत्या, त्यामुळे हे छापण्यासारखं आहे का, याचीही मला खात्री नाही. तरी लिहिते आहे.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. बाबांना सही येते, आईला तीही येत नाही. बारावीनंतर रत्नागिरीच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा मुलींच्या वसतिगृहात जागा नव्हती. आमच्या गावचा एक माणूस रत्नागिरीत कंपाउंडर आहे, त्याने सांगितलं की सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळ-माळावरच्या, कॉलनीत एक बाई एकट्या असतात, त्यांना सोबत हवी आहे. बाबा मला, ट्रंकेला आणि तांदळाच्या एका पिशवीला घेऊन तिथे गेले. इंदूताईंनी मला जवळ बोलावलं आणि अगदी तोंडाशी तोंड आणून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणत होते अजून पिकायचा आहे, मग काढू. "मला वाचून दाखवशील?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. बाबांनी तांदळाची पिशवी पुढे सरकवली, आणि मागच्या अंगाची खोली माझी झाली. खोलीला एकच खिडकी होती, आणि खिडकीतून नुसता काळा कातळ दिसायचा. मला ती खोली फार आवडायची. आयुष्यात पहिल्यांदा मला दार लावून घेता येत होतं.

इंदूताईंनी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन लावून मुंबईचे, कोल्हापूरचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे. लाइन खराब असली की दोन्हीकडच्यांना एकमेकांचं ऐकू जात नसे, मग मधे बसलेल्या इंदूताई इकडचं वाक्य तिकडे सांगायच्या. कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाची आई अत्यवस्थ, कुणाचं लग्न मोडलं, सगळं त्यांच्या तोंडून गेलेलं. मी एकदा विचारलं, वाईट बातमी असली तर जरा सौम्य करून सांगत होता का? त्या म्हणाल्या, नाही. एकदाच केलं होतं. एका माणसाला त्याचा भाऊ गेला म्हणून सांगायचं होतं, त्यांना धीर झाला नाही, "तब्येत जास्त आहे" असं सांगितलं. तो माणूस चार दिवसांनी निघाला. "त्यानंतर मधे आपलं काही घातलं नाही," म्हणाल्या आणि चहात साखर ढवळत राहिल्या.

कॉलनीबद्दल थोडं सांगायला हवं. एकवीस घरं आणि घरवाल्यांचा एक संघ. सड्यावर जांभा दगड, खाली पाणी कमी, त्यामुळे सगळ्यांत मिळून एक विहीर, एक पंप आणि एक टाकी. एकवीसपैकी नऊ घरांना वर्षभर कुलूप असतं. सात मालक मुंबईला नोकरीत आणि दोघं बोटीवर. ही माणसं मे महिन्यात येतात, घर झाडतात, आंबे खातात आणि जातात. संघाच्या नियमात अशी सोय आहे की ज्याला सभेला येता येत नाही त्याने हजर असणाऱ्या सभासदाला अधिकारपत्र द्यावं, म्हणजे त्याचं मत तो दुसरा देतो. मे संपताना हे नऊ जण एकेक करून इंदूताईंकडे यायचे आणि छापील कागदावर खाली सही करून द्यायचे. वर कोणता ठराव, बाजूने की विरुद्ध, ते सगळं कोरं. "तुम्हीच काय ते बघा, इंदूताई." त्यांनी काही सांगितलं नाही तर कागद ज्याच्याकडे आहे त्याने आपल्या मनाने मत द्यावं, असंच नियमात आहे. कंपाउंडला रंग कोणता, फाटकाला कुलूप कधी लावायचं, असल्या गोष्टींवर इंदूताईंनी ही मतं कित्येक वर्षं दिली होती. संघाचे अध्यक्ष नार्वेकरभाऊ, मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. ते सभेत म्हणायचे, "इंदूताई आल्या म्हणजे दहा माणसं आली. चहा जपून वाढा."

यंदा जानेवारीतच टाकी अर्धी भरायला लागली. तीन घरांत मुलं भाड्याने राहत होती. ती नळ उघडे टाकून क्रिकेट खेळायला जायची, हे खरं होतं. भाऊंनी नोटीस काढली की फेब्रुवारीत खास सभा घ्यायची आणि नवा नियम करायचा. सभासदाच्या कुटुंबातली माणसं सोडून इतर कुणालाही घरात ठेवता येणार नाही, एक जूनपासून. नोटीस मीच वाचून दाखवली. वाचताना अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की ही माझ्याबद्दल आहे. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. खोली गेली असती तर बाबा दुसरी शोधणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मामांनी एक स्थळ आणलेलं होतं आणि आई म्हणत होती, दोन वर्षं शिकली, पुष्कळ झालं. मी मनात हिशेब घातला. कॉलनीत राहणारी बारा घरं, त्यातली निम्मी तरी नियमाच्या विरुद्ध होती, कारण कुणाचा पुतण्या तर कुणाचा भाचा घरात होता आणि नोटिशीत ते कुटुंबात धरलेले नव्हते. त्यात इंदूताईंच्या कपाटातले नऊ कागद. मला एकदम हायसं वाटलं. मी म्हटलं, "ताई, आपली दहा मतं आहेत."

"एक आहे," इंदूताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नऊ आंतरदेशीय पत्रं आणायला लावली. प्रत्येकात तोच मजकूर. नियम काय आहे ते, मग तो का हवा ते, मग तो का नको ते. नियम का हवा, हे त्यांनी इतकं नीट सांगितलं की भाऊंनाही तसं सांगता आलं नसतं. मार्चमध्ये खालून घागरी आणाव्या लागतात, म्हाताऱ्या माणसांना ते होत नाही, पाणी सभासदांचं आहे. विरुद्ध बाजूला चार ओळी. शेवटी असं की, "माझ्याकडे एक विद्यार्थिनी राहते, तेव्हा या ठरावात माझा स्वतःचा संबंध आहे, हे लक्षात घेऊन तुमचं मत तुम्हीच कळवा." माझी खोली काढून घ्यायची कारणं मी माझ्या हाताने नऊ वेळा लिहिली. सहाव्या पत्राला हात थांबला. ताईंना दिसत नव्हतं, मी दोन ओळी गाळल्या असत्या तरी कळलं नसतं. त्या समोर डोळे मिटून बसल्या होत्या. "दमलीस काय गो?" म्हणाल्या. मी नाही म्हटलं आणि लिहिलं.

उत्तरं यायला लागली. मुंबईची माणसं मेमध्ये येतात तेव्हा त्यांना पाणी लागतं, बाकी वर्षभर कॉलनीत कोण राहतं त्याच्याशी त्यांना काय... एकामागून एक "नियम व्हावा" असंच यायचं. एकाने मात्र लिहिलं की मुलांनी शिकावं, नियम नको. आणखी एकाने लिहिलं, "ताई, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." शेवटचं पत्र आलं तेव्हा ताई आत पडल्या होत्या, मी ते दारात घेतलं आणि उघडून वाचलं. नियम व्हावा. मी ते इतिहासाच्या वहीत घातलं. काय करणार होते ते मला माहीत नव्हतं. न पोचलेलं पत्र म्हणजे न दिलेलं मत, एवढंच डोक्यात होतं. एक दिवस आणि एक रात्र ते वहीत राहिलं. जेवताना ताईंनी नेहमीसारखी कॉलेजची चौकशी केली, मी पानावरून लवकर उठले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पत्र काढून त्यांच्यापुढे वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी हात पुढे करून पत्र घेतलं. मग म्हणाल्या, "पोस्टमन काल संध्याकाळी भेटला होता मला, फाटकापाशी. म्हणाला, पत्र मुलीकडे दिलंय." मी म्हटलं, मग विचारलं का नाही?  त्यांनी चाचपून पत्राची घडी केली आणि ते बाकीच्यांत ठेवलं. मला त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सभा भाऊंच्या पडवीत झाली. मी ताईंचा हात धरून त्यांना नेलं आणि दाराशी बसले. बाराही घरांतली माणसं आली होती. आधी हजर असलेल्यांची मतं घेतली. नियमाच्या बाजूने पाच, विरुद्ध सात. सातांत इंदूताईंचा हात होता. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "झालं, आता नऊ कागद पडले की भाऊंचा नियम पाण्यात." दोघंतिघं हसले. भाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, "इंदूताई, तुमची अधिकारपत्रं."

ताईंनी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढून भाऊंकडे दिला आणि त्यांनाच वाचायला सांगितलं. भाऊंनी पहिलं वाचलं, नियम व्हावा. ताईंनी हात वर केला. भाऊ थांबले, त्यांच्याकडे बघत राहिले, मग वहीत लिहिलं. दुसरं वाचलं. ताईंनी पुन्हा हात वर केला. असं पाच वेळा. चौथ्या वेळी त्यांचा हात वर राहीना, तेव्हा डाव्या हाताने उजव्याचं कोपर धरलं. एकदा विरुद्ध.  भाऊंनी बेरीज केली आणि ती सांगायच्या आधी चष्मा काढून पुसला. "बाजूने दहा, विरुद्ध आठ. ताई, पण अजून तीन कागद राहिले तुमचे."

"दोघांचं उत्तर आलं नाही. बोटीवर आहेत."

"उत्तराची गरजच नाही. सही आहे. नियमाप्रमाणे तुम्हाला देता येतात." भाऊ हे सांगत होते तेव्हा त्यांना दिसत होतं की तीन कागद विरुद्ध पडले तर त्यांचा ठराव एका मताने जातो. तरी सांगत होते. "आणि हा तिसरा तर स्पष्ट लिहितोय, तुम्हाला योग्य वाटेल ते."

"तो माझं मत विचारतोय," इंदूताई म्हणाल्या. "माझं मत मी एकदा दिलंय, भाऊ."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी एवढ्या लांबून त्यांना दिसलं नसतं.

नंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही, फक्त वाचून दाखवायचं तेवढं दाखवत होते. त्यांनी समजूत काढली नाही. परीक्षा झाली, मेमध्ये बाबा ट्रंक न्यायला आले. सगळी हकीगत ऐकून त्यांनी ताईंना विचारलं नाही, फाटकाबाहेर आल्यावर मला विचारलं, "कागद हातात व्हतं ना बायच्या? मंग?" मी ट्रंकेचं दुसरं कडं धरलं. खरं म्हणजे अजूनही बाबांना पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. मामांचं स्थळ मी दोनदा रडून परतवलं. जूनपासून आईच्या एका लांबच्या बहिणीकडे राहिले, तिथून कॉलेजला दीड तास एसटीने आणि पुढे चालत. सकाळचे पहिले दोन तास रोज बुडायचे. ऑगस्टच्या शेवटी वसतिगृहातली एक मुलगी सोडून गेली आणि मला तिची कॉट मिळाली. तोवर माझी तब्येतही उतरली होती आणि इंग्रजीचा अर्धा भाग हातातून गेला होता.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी मी पहिल्यांदा कॉलनीत गेले. ताई ओट्यावर बसल्या होत्या. पायांच्या आवाजावरून ओळखलं. "सुमन, वाळलीस," म्हणाल्या. दिसत नव्हतं, हात धरून पाहिला होता. त्या दिवशी मी आठवडाभराची वर्तमानपत्रं वाचून दाखवली. निघताना धीर करून विचारलं, "ताई, तुम्हाला त्या वेळी काहीच वाटलं नाही?"  त्या म्हणाल्या, "वाटलं. अजून वाटतं. मागच्या खोलीचं दार मी उघडत नाही. ...पण त्या सह्या माझ्याकडे ठेवायला दिल्या होत्या गो, माझ्या कामाला वापरायला नव्हत्या दिल्या." मी म्हटलं, मी पत्र लपवलं होतं. त्या म्हणाल्या, "दिलंस ना." मला आणखी बोलायचं होतं. मी चिडले होते, चार दिवस बोलले नाही, त्याबद्दल... पण शेवटची बस होती. पुढच्या वेळी बोलू, असं वाटलं. दिवाळी झाली की मोतीबिंदू काढायचा ठरला होता. डोळे आल्यावर तुझं तोंड नीट बघेन, म्हणाल्या. पुढच्या वेळी त्यांचे पाहुणे होते, त्याच्या पुढच्या वेळी माझी चाचणी.

सुट्टी संपवून परतले तशी मी भाऊंकडे गेले. घराची किल्ली त्यांच्याकडेच आहे. बोरिवलीला ताईंचा भाचा असतो, तो घराचं काय ते मेमध्ये ठरवणार आहे. भाऊंनी दार उघडलं. मंगळवारी पाण्याची वेळ झाली तरी ताईंची कळशी नळावर दिसली नाही म्हणून त्यांनीच हे दार उघडलं होतं. आता आत गेल्यावर ते कुठेही बसले नाहीत. टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "हे तुला दाखवायचं होतं." फुलस्केपचा एक ताव होता, त्यावर इंदूताईंचं अक्षर. मी त्यांचं अक्षर तोवर पाहिलंच नव्हतं. बोटभर उंचीची अक्षरं, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या, एखादी कागद संपला तरी टेबलावर गेलेली. टेबलाच्या लाकडावर शाई दिसत होती. तो ठराव होता, मेमधल्या सभेसाठी. एक जूनपासूनचा नियम शिथिल करावा, घरटी एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी ठेवता यावी, पाण्याच्या मोजक्या घागरी ठरवून. आधी नियम का राहावा ते लिहिलेलं होतं, अर्धं पान. मग का बदलावा ते. खाली सूचक म्हणून त्यांची सही, आणि अनुमोदक म्हणून भाऊंची.

मी भाऊंकडे पाहिलं. ते जरा घुश्शातच म्हणाले, "मी बाजूने आहे असं समजू नकोस. पाणी आहे तेवढंच आहे. पण त्या तीन वेळा आल्या माझ्याकडे, भिंत चाचपत. चर्चा तरी होऊ दे म्हणाल्या. मग केली सही." मग ते म्हणाले की आता एक अडचण आहे. सूचक हयात नसेल तर ठराव उभा राहतो की पडतो, याचं संघाच्या नियमांत काही नाही. त्यांनी दोनदा नियमावली वाचली. तेव्हा ते सगळ्या सभासदांना हा मजकूर पाठवून विचारणार आहेत. बोटीवरच्यांना आत्ताच पाठवायचा, म्हणजे मेपर्यंत उत्तर येईल. "मला हे अक्षर सगळं लागत नाही," ते कागदाकडे बोट दाखवून म्हणाले. "तुला त्यांची सवय आहे. लागतंय का बघ."

आम्ही कागद खिडकीशी नेला. मी वाचत गेले आणि कोऱ्या कागदावर उतरवत गेले. बहुतेक लागलं. खालच्या बाजूला, का बदलावा त्या भागात, दोन ओळी एकमेकींवर चढलेल्या होत्या. पहिली लिहून झाल्यावर कागद सरकला नसावा आणि त्यांनी दुसरी तिच्यावरच लिहिली होती. सुरुवातीला "माझ्याकडे राहणारी" एवढं दिसत होतं, पुढे नुसती शाईची गुंतवळ. त्या ओळीत माझ्याबद्दल काहीतरी होतं. भाऊंनी भिंग आणलं. आम्ही दोघांनी उजेडात कागद आडवा-उभा धरून पाहिला. भाऊ म्हणाले, शिक्षण अर्धवट राहिलं असतं, अशा अर्थाचं असेल. तसं लिहिलं तर ठरावाला जोर येईल. मलाही तेच वाटत होतं. मी पेन टेकवलं... आणि लिहवेना.

भाऊंनीच शेवटी भिंग खाली ठेवलं. "नको," ते म्हणाले. "जागा सोड तेवढी."

मी दोन ओळींची जागा सोडली आणि पुढचं लिहायला घेतलं.